नोंदवही आणि लस : मुंबईच्या प्लेगची हकीकत

सांथीचा इतिहास म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें मृतांचे आंकडे उभे राहतात. इतके हजार आजारी पडले, इतके दगावले, इतके गांव सोडून गेले, असें आपण वाचतों आणि पुढें जातों. ते आंकडे मोजले कोणी, कोणत्या वहींत लिहिले, आणि ज्यांच्या घरचीं माणसें गेलीं त्यांनीं मोजणाऱ्याला खरें सांगितलें कीं खोटें, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. वस्तुतः सांथीशीं झुंजण्याची निम्मी विद्या याच प्रश्नांत आहे. राहिलेली निम्मी लशींत आहे. या दोहोंचा संबंध किती जवळचा आहे, आणि एकीचें बिघडलें म्हणजे दुसरीचें कसें अडतें, हें मुंबई शहराला १८९६ पासून पुढच्या दहा-बारा वर्षांत मोठ्या कडवट रीतीनें शिकावें लागलें. ती हकीकत आज सांगावयाची आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे कीं, नोंद आणि लस या दोन्ही गोष्टी मुंबईला अपरिचित नव्हत्या. हिंदुस्थानांत देवीची लस पहिल्यानें टोंचली गेली ती मुंबईंतच. १८०२ च्या जून महिन्यांत ॲना डस्टहॉल नांवाच्या तीन वर्षांच्या मुलीच्या दंडावर ती टोंचण्यांत आली आणि तिच्या दंडावरील फोडांतून ती पुढें देशभर गेली. १८७७ सालीं शहरांत मुलांना देवी टोंचून घेणें कायद्यानें सक्तीचें झालें. मृत्यूंची नोंद ठेवण्याचा परिपाठही म्युनिसिपालिटीनें प्लेगच्या पूर्वीं कित्येक वर्षें पाळला होता. स्मशानांत आणि कबरस्तानांत कारकून असे. मयताचें नांव, वय, जात, राहण्याचें ठिकाण आणि मरणाचें कारण विचारून तो लिहून घेई. कारणाच्या रकान्यांत पुष्कळदां 'ताप' एवढाच शब्द पडे. कारण मरणाऱ्यांपैकीं अनेकांनीं डॉक्टरचें तोंडही पाहिलेलें नसे. तरी माणसें किती गेलीं हें त्या वहीला बरेंचसें ठाऊक असे. या साध्या वहीनें पुढें मोठें काम केलें.

१८९६ चा पावसाळा सरत आला तेव्हां मांडवीच्या बाजूला उंदीर पडूं लागले. मांडवी म्हणजे बंदराला लागून असलेला धान्याच्या वखारींचा भाग. खालीं गोण्यांच्या थप्प्या, वर माणसांची दाटी आणि मध्यें उंदरांचें राज्य. तेथें सणकून ताप येऊन जांघेंत किंवा काखेंत गांठ उठलेले रोगी डॉ. अकॅसियो गेब्रियल व्हिएगस यांनीं पाहिले. हे मूळचे गोमंतकीय. ग्रँट मेडिकल कॉलेजांत शिकलेले आणि म्युनिसिपालिटीचे सभासद. २३ सप्टेंबर १८९६ रोजीं त्यांनीं स्टँडिंग कमिटीपुढें स्पष्ट सांगितलें कीं, हा गांठीचा प्लेग आहे. दोनच वर्षांपूर्वीं, १८९४ सालीं, हाँगकाँगच्या सांथींत येर्सिन आणि कितासातो यांनीं प्लेगचा जंतु शोधून काढला होता, त्यामुळें हें निदान पडताळून पाहण्याचें साधन हाताशीं होतें. तरीही बंदरावर जगणाऱ्या शहराला 'प्लेग' हा शब्द उच्चारणें सोपें नव्हतें. तो उच्चारला कीं परदेशचीं बंदरें मुंबईच्या जहाजांकडे संशयानें पाहणार, हें व्यापाऱ्यांना आणि सरकारला सारखेंच कळत होतें. आणि झालेंही तसेंच. १८९७ च्या आरंभीं व्हेनिस येथें याच कारणासाठीं राष्ट्रांची परिषद भरली, आणि त्या सालीं मुंबईहून हजच्या यात्रेला निघणाऱ्यांना मनाई झाली.

शहरांतील लोक मात्र कोणत्याही परिषदेची वाट पाहत थांबले नाहींत. १८९१ च्या खानेसुमारींत मुंबईची वस्ती ८,२१,७६४ भरली होती. त्यांपैकीं साडेतीन लाखांहून अधिक माणसें १८९७ च्या फेब्रुवारीपर्यंत निघून गेलीं असा अदमास आहे. कोंकणच्या आगबोटी आणि घांटावर जाणाऱ्या आगगाड्या भरभरून चालल्या. गिरण्यांत उभें राहावयाला माणूस मिळेना, तेव्हां गिरणीवाले नाक्यानाक्यावर रोजंदारीची चढाओढ करूं लागले. महिन्याचा पगार अडकवून ठेवण्याची ज्यांची रीत, त्यांना रोजचा पैसा रोज मोजावा लागला. गिरणी कामगारांचे पहिले पुढारी आणि 'दीनबंधु' पत्राचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे हे ९ फेब्रुवारी १८९७ रोजीं याच प्लेगनें गेले.

आतां त्या नोंदवहीकडे वळूं. प्लेगचा रोगी आढळला कीं त्याला इस्पितळांत न्यावयाचें, घरच्या माणसांना वेगळें काढावयाचें आणि घर धुवून, जंतुनाशक औषधें शिंपून शुद्ध करावयाचें, असें ठरलें. याचा परिणाम असा झाला कीं, मरणाच्या कारणांतून 'प्लेग' हा शब्द गळूं लागला आणि ताप, खोकला, दमा, अशक्तता हीं नांवें फुगूं लागलीं. परंतु आजार लपवितां आला तरी मरण लपविणें तितकें सोपें नसतें. प्रेत स्मशानांत न्यावेंच लागतें. तेव्हां आरोग्यखात्यानें एक सोपा हिशेब मांडला. मागील पांच वर्षांत त्याच आठवड्यांत सरासरीनें किती माणसें मरत होतीं तें काढावयाचें आणि चालू आठवड्याच्या एकंदर मृत्यूंतून तो आंकडा वजा करावयाचा. जी बाकी उरेल ती बहुतांशीं सांथीची. १८९७ च्या फेब्रुवारींत आठवड्याला दीड हजारांहून अधिक मृत्यु नोंदले जात होते, आणि त्यांत प्लेगचे म्हणून कबूल केलेले मृत्यु या बाकीहून पुष्कळच कमी होते. २०२० नंतर करोनाच्या काळांत जगभरचे तज्ज्ञ 'अधिकच्या मृत्यूंचा' जो हिशेब करूं लागले, त्याचीच ही पूर्वींची आवृत्ति होय. वहीनें खोट्यांतूनही खरें काढलें. पण तें खरें उशिरा हातीं आलें. माणूस मेल्यावर तो प्लेगनें मेला हें कळून त्याच्या शेजाऱ्याचा बचाव होत नाहीं. रोगी जिवंत असतां कळला तरच नोंदीचा उपयोग, आणि तें सांगणें सर्वस्वी घरच्या माणसांच्या हातीं होतें.

लोक खोटें कां सांगत होते? अडाणीपणामुळें, असें उत्तर त्या काळच्या सरकारी लिखाणांत वारंवार आढळतें. आपण क्षणभर एखाद्या चाळींतील एका खोलींत बिऱ्हाड करून राहणाऱ्या कामगाराच्या जागीं उभे राहूं. खरें सांगितलें तर आजारी बायकोला इस्पितळांत नेणार. तेथून जिवंत परत आलेलीं माणसें त्यानें फारशीं पाहिलेलीं नाहींत. मुलांसह त्याला छावणींत ठेवणार, त्याचा रोज बुडणार, घरांतील गोधड्या आणि कांबळीं जाळून टाकणार. खोटें सांगितलें तर यांतलें कांहींच होणार नाहीं. डॉक्टरांच्या हातीं त्या वेळीं प्लेगवर खात्रीचें औषध नव्हतें, हेंही विसरतां कामा नये. म्हणजे सरकार त्याच्याकडून सत्य मागत होतें आणि त्या सत्याच्या मोबदल्यांत देण्यासारखें सरकारजवळ कांहींही नव्हतें. अशा व्यवहारांत माणूस गप्प राहिला तर त्याला अडाणी म्हणावें कीं व्यवहारी, हें श्रोत्यांनींच ठरवावें.

६ ऑक्टोबर १८९६ रोजीं म्युनिसिपल कमिशनर स्नो यांनीं सक्तीचा हुकूम काढला. २९ ऑक्टोबर रोजीं सुमारें एक हजार गिरणी कामगार आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेले. परंतु कमिशनरसाहेबांना याहूनही मोठी धास्ती वाटली ती निराळीच होती. शहराचे हलालखोर आणि झाडूवाले भिऊन गांवीं निघून गेले तर पुढें काय? ज्यांच्या सावलीचाही शहराला विटाळ होत असे, त्यांच्याच श्रमांवर शहराचें आरोग्य उभें होतें, आणि ही गोष्ट प्लेगनें एका महिन्यांत सर्वांना शिकविली. ऑक्टोबर संपतां संपतां हुकुमाची अंमलबजावणी सैल करण्यांत आली.

पण ही सैलपणाची बुद्धि फार दिवस टिकली नाहीं. ४ फेब्रुवारी १८९७ रोजीं सांथीच्या रोगांचा कायदा मंजूर झाला आणि त्यानें सरकारला जवळजवळ अमर्याद अधिकार दिले. मार्च महिन्यांत जनरल गॅटेकर यांच्या अध्यक्षतेखालीं प्लेग कमिटी बसली. लष्करी शिस्तीनें घरोघर झडत्या सुरू झाल्या. स्टेशनांवर उतारू उतरवून तपासण्यांत येऊं लागले. अंधाऱ्या खोल्यांत ऊन यावें म्हणून छपरांचीं कौलें उतरविलीं, भिंतींना चुना फांसला, गटारांतून समुद्राचें पाणी आणि कार्बोलिक आम्ल सोडलें. जीं घरें राहण्यास अयोग्य ठरलीं त्यांच्या भिंतींवर 'यू. एच. एच.' हीं तीन इंग्रजी अक्षरें रंगविलेलीं दिसूं लागलीं. एवढा सारा खटाटोप करणाऱ्यांच्या हेतूंबद्दल शंका घेण्याचें कारण नाहीं. परंतु रोग घाणींत आणि हवेंत आहे अशा समजुतीनें तो चालला होता. गटारें धुवून निघालीं तेव्हां तेथले उंदीर शेजारच्या घरांत शिरले असतील, हें त्या वेळीं कोणाच्या मनांत आलें नाहीं.

पुण्यांत याच धोरणाचा शेवट कसा झाला तें सर्वश्रुत आहे. २२ जून १८९७ च्या रात्रीं चापेकर बंधूंनीं रँडसाहेबांवर गोळ्या झाडल्या. मुंबईंत ९ मार्च १८९८ रोजीं मदनपुऱ्याच्या बाजूस एका विणकराच्या घरांतील आजारी मुलीला तपासण्यावरून दंगा उसळला, गोळीबार झाला आणि लोकांनीं इस्पितळांवर हल्ले केले. गोदींतील मजूर आणि गाडीवाले यांनीं कामें बंद ठेवलीं. त्यानंतर सक्तीची धार हळूहळू बोथट होत गेली. जातीजातींनीं आपापलीं इस्पितळें उघडलीं होतीं; पारशांच्या इस्पितळांत डॉ. बहादुरजी आणि आर्थर रोडला डॉ. चोक्सी यांच्यासारखे देशी वैद्य रात्रंदिवस राबत होते. आपल्या माणसांच्या देखरेखीखालीं आपला रोगी राहतो असें दिसल्यावर लोक तेथें अधिक विश्वासानें जाऊं लागले. मराठींत 'पाळत' आणि 'देखरेख' असे दोन शब्द आहेत. दोहोंचा अर्थ लक्ष ठेवणें असाच. पण पाळत चोरावर ठेवतात आणि देखरेख लेंकरावर. प्लेग कमिटीची दृष्टि पहिल्या शब्दाची होती, आणि म्हणून तिला पाहिजे तें दिसलें नाहीं.

हा सारा गोंधळ चालू असतां ग्रँट मेडिकल कॉलेजांतील एका खोलींत, एक कारकून आणि तीन शिपाई एवढ्या सामग्रीवर, एक परदेशी गृहस्थ मुकाट्यानें काम करीत होते. यांचें नांव वॉल्डेमार हाफकिन. १८६० सालीं ओडेसा येथें एका ज्यू कुटुंबांत त्यांचा जन्म झाला. मेच्निकॉफ यांच्यापाशीं ते शिकले, पॅरिसच्या पाश्चर संस्थेंत त्यांनीं पटकीवरील लस तयार केली आणि १८९३ सालीं ती घेऊन हिंदुस्थानांत आले. ७ ऑक्टोबर १८९६ रोजीं ते सरकारच्या बोलावण्यावरून मुंबईंत दाखल झाले आणि तीन महिन्यांच्या आंत प्लेगची लस त्यांनीं सिद्ध केली.

या लशीची कृति ऐकण्यासारखी आहे. चंबूंत मांसाचा रस्सा घ्यावयाचा, त्यावर तुपाचे किंवा खोबरेलाचे थेंब तरंगत ठेवावयाचे आणि त्यांत प्लेगचे जंतु सोडावयाचे. त्या थेंबांना धरून जंतु वडाच्या पारंब्यांप्रमाणें खालीं लोंबत वाढतात. चंबू हालविला कीं पारंब्या तुटून तळाशीं बसतात आणि वर नव्या फुटतात. असें कांहीं आठवडे चालल्यावर तो रस तापवून जंतु मारावयाचे, वर थोडें कार्बोलिक आम्ल घालावयाचें, कीं लस तयार. हिंदूंना गाईच्या आणि मुसलमानांना डुकराच्या मांसाचा विटाळ, हें ध्यानीं घेऊन हाफकिन यांनीं रस्सा बकऱ्याच्या मांसाचा केला. आज ही गोष्ट लहान वाटेल. परंतु सरकारच्या सगळ्या प्लेग-मोहिमेंत लोकांच्या मनाचा इतका विचार दुसऱ्या कोणी क्वचितच केला असेल.

१० जानेवारी १८९७ रोजीं हाफकिन यांनीं ती लस पहिल्यानें स्वतःला टोंचून घेतली, आणि तीही नेहमींच्या मात्रेच्या तिपटीहून अधिक. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगांत प्लेग शिरला. कैद्यांपैकीं जे खुषीनें तयार झाले त्यांना लस टोंचण्यांत आली. न टोंचलेल्या १७२ कैद्यांत १२ जणांना प्लेग झाला व ६ मेले. टोंचलेल्या १४७ जणांत दोघांना झाला आणि मेला कोणीही नाहीं. पुढच्याच वर्षीं बडोदें संस्थानांतील उंधेरा गांवीं यापेक्षां काटेकोर पारख झाली. प्रत्येक घरांतील निम्म्या माणसांना लस टोंचली आणि निम्म्यांना टोंचली नाहीं. म्हणजे अन्न, घर, हवा सारें एकच, फरक तेवढा लशीचा. न टोंचलेल्या ६४ पैकीं २७ आजारी पडून २६ मेले; टोंचलेल्या ७१ पैकीं ८ आजारी पडून ३ मेले. एकाच चुलीवर जेवणाऱ्या दोन भावांत एक वांचला आणि एक गेला, असा त्या आंकड्यांचा अर्थ आहे. ही पारख शास्त्राच्या दृष्टीनें निर्मळ खरी. पण ती वाचतांना ज्यांच्या वांट्याला लस आली नाहीं त्यांची आठवण होऊन मन चरकल्यावांचून राहत नाहीं.

लस सिद्ध झाली, तरी ती घेण्याला दंड पुढें आले पाहिजेत. बाजारांत अफवांना ऊत आला होता. इस्पितळांत नेऊन माणसांची मोमियाई काढतात, टोंचून घेतलें तर पुरुषत्व जातें, लशींत गोमांस असतें, असें लोक बोलत. शिवाय टोंचल्यावर ताप येई, दंड सुजे आणि एक-दोन दिवसांचा रोज बुडे. आणि संरक्षण तर कांहीं महिन्यांपुरतेंच. ही अडचण अफवांची नव्हती, पोटाची होती. अशा वेळीं उपयोगी पडलें तें उदाहरण. आगाखान तिसरे हे त्या वेळीं विशीच्या आंतबाहेरचे तरुण होते. त्यांनीं आपल्या मालकीचा एक बंगला हाफकिन यांच्या प्रयोगशाळेला दिला, स्वतः लोकांदेखत लस टोंचून घेतली आणि मग आपल्या जमातीला टोंचून घेण्यास सांगितलें. हजारों खोजांनीं त्यांचें ऐकलें. जें काम कायद्याच्या कलमानें झालें नाहीं तें अंगरख्याची एक बाही वर सारल्यानें झालें.

१० ऑगस्ट १८९९ रोजीं ही प्रयोगशाळा परळ येथील जुन्या गव्हर्नमेंट हाउसांत आली आणि गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनीं तिचें उद्घाटन केलें. या इमारतीचा वंशच मोठा विलक्षण आहे. प्रथम पोर्तुगीज पाद्र्यांचा मठ, मग इंग्रज गव्हर्नरांचा प्रासाद, नंतर प्लेगचें इस्पितळ आणि अखेरीस लशीचा कारखाना. ज्या दिवाणखान्यांत एके काळीं मेजवान्या झडत, तेथें चंबूंच्या रांगा लागल्या आणि परळची लस हिंदुस्थानभर आणि परदेशींही जाऊं लागली. १९०६ सालीं तिला 'बाँबे बॅक्टीरिऑलॉजिकल लॅबोरेटरी' म्हणूं लागले आणि १९२५ सालीं 'हाफकिन इन्स्टिट्यूट' हें नांव मिळालें.

पण त्या नांवापर्यंत पोहोंचण्यापूर्वीं हाफकिन यांना मोठ्या अग्निदिव्यांतून जावें लागलें. ३० ऑक्टोबर १९०२ रोजीं पंजाबांतील मलकोवाल गांवीं १०७ जणांना परळची लस टोंचण्यांत आली. त्यांपैकीं १९ जण धनुर्वातानें मेले, आणि ते सर्व एकाच बाटलींतील लस टोंचलेले होते. चौकशी बसली, दोष परळच्या प्रयोगशाळेवर ठेवण्यांत आला आणि हाफकिन यांना काम सोडावें लागलें. पुढें कागदपत्र बारकाईनें पाहिल्यावर असें दिसलें कीं, त्या गांवीं बाटली उघडतांना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो पुरतेपणीं निर्जंतुक न करतांच वापरण्यांत आला होता. मलेरियाच्या शोधाबद्दल विख्यात झालेले रोनाल्ड रॉस आणि दुसरे नऊ शास्त्रज्ञ यांनीं १९०७ सालीं 'टाइम्स' पत्रांतून जाहीर बाजू मांडली, तेव्हां कोठें हाफकिन यांच्यावरील डाग पुसला गेला. पांच वर्षें गेलीं तीं गेलींच. १९ कुटुंबांचें दुःख खरें होतें आणि त्याची चौकशी होणें अवश्यच होतें. परंतु चौकशीनें सत्य शोधण्याऐवजीं आधीं माणूस शोधला, त्यामुळें लाखों लोकांच्या मनांतून लशीवरचा भरवसाही गेला. लशीचें काम वर्षानुवर्षांच्या पुण्याईवर चालतें आणि एका बाटलीनें ती पुण्याई सरते.

इतकें होईतों रोग माणसाला नेमका होतो कसा, हें मात्र सर्वमान्य झालें नव्हतें. १८९८ सालीं फ्रेंच डॉक्टर सिमाँ यांनीं कराची येथें प्रयोग करून उंदरांवरील पिसवांकडे बोट दाखविलें होतें. सरकारी प्लेग कमिशननें त्यांना मानलें नाहीं. तो धागा मुंबईंत पुन्हा डॉ. ग्लेन लिस्टन यांच्या हातीं लागला. राणीच्या बागेंत ठेवलेले गिनीपिग पटापट मरूं लागले, तेव्हां त्यांच्या अंगावर उंदरांच्या पिसवा सांपडल्या. मग लिस्टन यांनीं प्लेग झालेल्या चाळींत गिनीपिग मोकळे सोडले आणि त्यांच्या अंगावर जमलेल्या पिसवा मोजल्या. १९०५ पासून बसलेल्या नव्या कमिशननें परळ, शीव, वडाळा, वरळी येथें हें काम पुढें नेलें. पिंजऱ्याभोंवतीं चिकट कागद पसरला कीं पिसूला उडी मारून आंत जातां येत नाहीं, आणि आंतला प्राणी वांचतो. कागद काढला कीं तो मरतो. एवढ्या साध्या प्रयोगानें हवा आणि घाण यांची सारी उपपत्ति कोसळली.

आणि येथें देखरेखीची दिशाच फिरली. शहरांतून रोज उंदीर गोळा करून, प्रत्येकावर रस्त्याचें आणि घराचें नांव लावून, ते परळला तपासण्यांत येऊं लागले. एका वर्षांत लाखावर उंदीर तपासले गेले. असें आढळून आलें कीं, एखाद्या वाडींत उंदरांत प्लेग दिसला कीं दहा-पंधरा दिवसांनीं तो माणसांत दिसतो. म्हणजे सावध होण्याला तेवढे दिवस मिळाले. उंदराला अब्रू नसते, त्याचा रोज बुडत नाहीं, त्याची बायको इस्पितळांत जात नाहीं. तो खोटें सांगत नाहीं. माणसाच्या घरांत शिरून जें नऊ-दहा वर्षांत साधलें नाहीं तें त्याच्या घराबाहेर मेलेला उंदीर उचलून साधलें. आमच्या आज्या-पणज्यांना मात्र हें आधींच ठाऊक होतें. घरांत उंदीर पडला कीं त्या बिऱ्हाड हालवीत आणि गांवाबाहेर झोंपड्यांत जाऊन राहत. शास्त्राला जें सिद्ध करावयाला इतकीं वर्षें लागलीं, तें त्यांनीं निरीक्षणानें धरलें होतें.

प्लेगनें मुंबईची आकृतिही बदलली. १८९८ सालीं सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. गिरगांव चौपाटीपासून डोंगरीपर्यंत दाट वस्ती कापून सँडहर्स्ट रोड काढला तो समुद्राची हवा शहरांत खेळावी म्हणून; प्रिन्सेस स्ट्रीटही त्याच विचारानें. दादर-माटुंग्याच्या आंखीव वसाहती, त्यांचे रुंद रस्ते आणि मोकळे चौक हें त्याच भीतीचें फळ आहे. पण पहिल्या वर्षांत ट्रस्टनें जितक्या खोल्या पाडल्या तितक्या बांधल्या नाहींत. पाडलेल्या खोल्यांतील गरीब शेजारच्या चाळींत दाटले. मोकळी हवा ज्यांना परवडली त्यांना मिळाली. दादरच्या झाडांखालून फिरतांना हा इतिहास कधींतरी आठवावा.

पुढें प्लेग ओसरला, तरी तोपर्यंत देशांत त्यानें एक कोटीहून अधिक बळी घेतले होते. आर्थर रोडचें इस्पितळ आतां कस्तुरबा रुग्णालय म्हणून ओळखलें जातें, आणि २०२० सालीं करोनाचे रोगी प्रथम तेथेंच वेगळे ठेवण्यांत आले. त्या वेळीं सरकारनें उगारला तो कायदाही १८९७ चाच. इतक्या वर्षांत औषधें बदललीं, यंत्रें बदललीं. परंतु दारावर आलेल्या माणसाला घरांत ताप आहे हें सांगावें कीं न सांगावें, हा प्रश्न चाळींतून कांहीं हालला नव्हता.

नोंद आणि लस यांची जोडी जुळली म्हणजे काय होऊं शकतें, याचें एक अलीकडचें उदाहरण देऊन हें भाषण आटोपतों. आफ्रिकेंत सहारा वाळवंटाच्या दक्षिणेस एक विस्तीर्ण पट्टा आहे. तेथें दर कांहीं वर्षांनीं कोरड्या ऋतूंत मेंदूच्या आवरणाच्या दाहाची, म्हणजे मेनिंजायटिसची, सांथ येई आणि वांचलेल्यांपैकीं कित्येकांना बहिरें करून जाई. तेथील आरोग्यखातीं दर आठवड्याला रोगी मोजतात. लाख वस्तींत आठवड्यास तीन रोगी आढळले कीं सावध व्हावयाचें, दहा झाले कीं सांथ समजून लस घेऊन धांवावयाचें, असा आतां नियम आहे. पण त्यांना परवडेल अशी आणि दीर्घकाळ टिकेल अशी लस हवी होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या साह्यानें ती तयार झाली पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्यें, अर्ध्या डॉलरहून कमी किंमतींत. १९१० च्या सुमारास परळच्या चंबूंकडे जग जसें पाहत होतें, तसें १०० वर्षांनीं, डिसेंबर २०१० मध्यें, बुर्किना फासो देशांतील लोकांनीं पुण्याच्या कुप्यांकडे पाहिलें. पुढें तीस कोटींहून अधिक लोकांना ती टोंचण्यांत आली आणि ज्या 'ए' जातीच्या जंतूनें सर्वांत मोठ्या सांथी येत, तो त्या पट्ट्यांतून जवळजवळ नाहींसा झाला. तेथें लोक रांगा लावून उभे राहिले, कारण रोगी कळविला तर त्याच्या मागून शिपाई येणार नाहीं, लस येईल, हें त्यांना दिसत होतें.

मुंबईच्या प्लेगची सारी शिकवण एवढ्यांत येते. सांथींत सरकारला पहिली गरज लागते ती लोकांच्या खऱ्या बोलण्याची. तें बोलणें हुकुमानें मिळत नाहीं. खरें सांगणाऱ्याचा रोज भरून निघेल, त्याचा रोगी त्याच्या डोळ्यांआड होणार नाहीं आणि त्याच्या लेंकराला लस मिळेल, अशी व्यवस्था आधीं करावी लागते. ती केली म्हणजे नोंदवही आपोआप खरी होते. आणि वही खरी असली म्हणजे लस वेळेवर पोहोंचते.